शिट्टीला ओ द्यायची नाही

लिबोरियो कांतून सव्वीस वर्षं एका जुन्या, ओसाड शहराच्या अवशेषांतलं गवत कापत होता. या सव्वीस वर्षांत रानातल्या शिट्टीला त्याने एकदाही ओ दिली नव्हती.

येणारे लोक दगडांकडे बघत, तो गवताकडे बघे. पायऱ्यांच्या फटींतून गवत वर येतं, मग झुडूप होतं, झुडपाचं झाड होतं आणि झाड शेवटी पायरी उचलून बाजूला टाकतं. हे सगळं इतक्या सावकाश होतं की त्यात कुणाचा दोष दिसत नाही. लिबोरियो रोज सकाळी कोयता घेऊन त्या सावकाशीच्या आड उभा राहायचा. सरकारने दिलेली टोपी, कमरेला वाळक्या भोपळ्याचा पाण्याचा तुंबा, पायात टायरच्या चपला. एक चौक, दोन जिने आणि एक बिनदाराचं घर एवढंच मोकळं केलेलं होतं. बाकी सगळं रानाखाली झोपलेलं. गावात बस दिवसातून दोनदा यायची. एखादा पाहुणा राहिलाच तर लिबोरियोची बायको तेओफिला घरामागच्या दोन शाकारलेल्या खोपट्यांपैकी एकात त्याच्यासाठी झोपायची झोळी बांधून द्यायची आणि मक्याच्या भाकऱ्या थापायची.

शिट्टीचं त्याला बापाने शिकवलं होतं. खरं तर शिकवलं असं नाही. बापाचं तोंड समोर होतं, तेवढं पुरलं. शहरातून खोदकाम करणारे आले तेव्हा बाप त्यांच्या हाताखाली होता. भर दुपारी ढिगाऱ्यामागून शिट्टी आली. मुकादम बोलावतोय असं वाटून बाप म्हणाला, "आलो." ढिगाऱ्यामागे कुणीच नव्हतं. संध्याकाळी ताप चढला आणि नऊ दिवस उतरला नाही. दहाव्या दिवशी बाप उठून बसला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा खाली ओघळला होता. मरेपर्यंत तो पाणी प्यायला की एका बाजूने सांडायचं. त्याने कधी कुरकुर केली नाही. म्हणायचा, "त्यांनी मला हाक नव्हती मारली. ओ मीच दिली."

माणूस माणसाला आवाज देतो, नाव घेऊन बोलावतो. ज्यांना नाव नाही ते शिट्टी मारतात. जुन्या दगडांत राहणारे ते बुटके आलुश, दुपारचे वारे, आणखी कोण कोण. म्हणून गावात कुणी रानात शिट्टी मारत नसे. फक्त वर्षातून एक दिवस, शेतासाठी तोडलेलं रान जाळताना, माणूस स्वतः शिट्टी मारायचा. तेव्हा वाऱ्याला बोलवायचंच असतं.

पाहुण्यांना मात्र लिबोरियो यातलं काही सांगत नसे. फार वर्षांपूर्वी एका शिकलेल्या पोरगेल्या माणसाला त्याने बापाची गोष्ट सांगितली होती. तो हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. "चेहऱ्याची कोणती बाजू?" एवढंच त्याने विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून लिबोरियो पाहुण्यांना फक्त गोचिड्या, साप आणि ऊन सांगायचा.

मे महिन्याच्या त्या गुरुवारी खोपट्यात एकच पाहुणी होती. लेओनोर सामुदियो नाव, पुएब्ला शहरातली, वय चौसष्ट. काठीसारखी सडपातळ. कुठल्याशा मुलींच्या शाळेत शिकवायची, आता निवृत्त झाली होती. नऊ दिवस ती रोज घडीचं स्टूल घेऊन दगडासमोर बसे आणि पेन्सिलीने चित्र काढी. आपली झोळी आपण गुंडाळून ठेवायची, म्हणून तेओफिलाला ती आवडली होती.

"वटवाघळांच्या टेकडीवर एक कोरीव दगड आहे म्हणतात," भाकरीचा तुकडा घेवड्याच्या रश्श्यात बुडवत ती म्हणाली. "तेवढा राहिलाय. उद्या जावं म्हणते."

"उद्या नाही मिळायची टेकडी," लिबोरियो म्हणाला. "आमचं शेत टेकडीच्या पायथ्याशीच आहे. उद्या तिथलं रान जाळायचंय. जायचं तर आज जा, बाई. पण बाराच्या आत परत या."

"का? बारा वाजता काय होतं?"

लिबोरियोने तेओफिलाकडे बघितलं. तेओफिला तव्याकडे बघत होती.

"ऊन होतं," तो म्हणाला.

"ह्याला नका विचारू, दॉन्या लेओनोर," तेओफिला म्हणाली. "ह्याचं लग्न दगडांशी लागलंय. मला आपलं स्वयंपाकाला ठेवलंय."

लेओनोर हसली. बूट चढवले, पाण्याची बाटली घेतली, स्टूल काखेत मारलं. लिबोरियोने तिला शेताच्या कडेने जाणारी वाट दाखवली. साप सांगितले, गोचिड्या सांगितल्या. टेकडीवर जुन्या लोकांनी पाणी साठवायला खडकात कोरलेले रांजण आहेत, तोंड अरुंद आणि पोट मोठं, आणि पाल्याखाली ती तोंडं दिसत नाहीत, हे सांगायचं राहिलं. विसरला असं नाही. ते कुणाला सांगावं लागतं असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

दहाच्या सुमारास तो शेतावर पोचला तेव्हा मेहुणा निकानोर दक्षिणेकडे तोंड करून उभा होता. निकानोर त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने जाड, जिभेने हलका. शेत दोघांत होतं.

"दाजी, ते बघा."

क्षितिजावर ढग होते, शिजवलेल्या मक्याच्या सालीच्या रंगाचे.

"उद्यापर्यंत इथे येतील," निकानोर म्हणाला. "डिसेंबरपासून तोडून वाळवलंय. भिजलं की संपलं. मग पेरा राखेऐवजी चिखलात. आजच लावू."

"बाई टेकडीवर गेल्यात."

"कधी?"

"सातला."

"मग परत आल्या असतील. किंवा येतायत. आपलं सगळं मांडेपर्यंत बारा होतील. जाळणारे सोडले तर बाराला रानात कोण थांबतं?"

"वाटेत दिसल्या नाहीत."

"विहिरीच्या वाटेने गेल्या असतील. ती वाट सावलीची आहे. दाजी, तुम्ही नऊ दिवस त्यांना जेवायला घालताय, त्यांना सावली कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

बाराला रानात कोण थांबतं, या प्रश्नाला त्याच्या ओळखीच्या जगात एकच उत्तर होतं. कुणी नाही. ते उत्तर त्याला पुरलं. त्याने खांद्यावरची पिशवी उतरवली.

शेताभोवतीचा पट्टा त्यांनी आधीच झाडून साफ केला होता, चार पावलं रुंद, खाली पांढरा खडक. मध्ये पाच महिने वाळलेलं रान आडवं पडलं होतं, हाडांसारखं करडं. उन्हात ते आपोआप तडतडत होतं. त्यांनी भोपळ्याच्या वाट्या मक्याच्या पांढऱ्या पाण्याने भरल्या. चार कोपऱ्यांना चार, मध्ये एक. निकानोरने वाऱ्यांच्या धन्यांची नावं घेतली, लिबोरियोने टोपी काढली. मग काड्यांच्या चुडी बांधल्या.

आग लावण्याआधी चारी दिशांना हाक द्यायची असते. लाकडं तोडायला आलेला, मधाला आलेला कुणी असेल तर त्याने आवाज द्यावा आणि निघून जावं. लिबोरियोने तीन दिशांना हाक दिली. मग टेकडीकडे तोंड केलं.

"हूऽऽ, कोण आहे का?"

काही नाही. उष्णता जमिनीवरून उठत होती.

"आग लागतेय हो. कोण आहे का?"

टेकडीकडून शिट्टी आली.

लांब, बारीक, एका सुराची. कुठून आली ते कळेना. हवेतून आल्यासारखी नव्हती. खालून, दगडातून आल्यासारखी होती. निकानोरच्या हातातली चूड खाली आली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

पुन्हा आली. पहिल्यापेक्षा लांब.

"वाटी कमी पडली," निकानोर पुटपुटला. "टेकडीच्या बाजूला एक जास्त ठेवायला हवी होती. त्यांच्या दाराशी आग लावतोय आपण."

माणूस असता तर त्याने आवाज दिला असता. लिबोरियोने हे मनात म्हटलं, आणि ते इतकं सरळ होतं की त्यावर पुन्हा विचार करायची गरज नव्हती. तोंड असलेला माणूस शब्द बोलतो. त्याचा हात आपोआप गालाकडे गेला. पिशवीतल्या तुंब्यात उरलेलं पांढरं पाणी त्याने सहाव्या वाटीत ओतलं आणि टेकडीच्या बाजूला, पट्ट्याच्या कडेला, मान वर न करता ठेवलं. दोन पावलं मागे आला. मग पाठ केली.

"लाव," तो म्हणाला. "लवकर लाव."

चुडी पेटल्या. निकानोर एका कडेने धावला, लिबोरियो दुसऱ्या. वाकायचं, चूड टेकवायची, पुढे पळायचं. पहिला जाळ अजून गुडघ्याएवढाच होता तेव्हा त्याला तिसऱ्यांदा शिट्टी ऐकू आली. या वेळी ती आखूड होती, मध्येच तुटलेली. वाटी ठेवल्यावरही आली होती. तो क्षणभर थांबला. पण आगीच्या कडेला थांबता येत नाही; पाठीमागे जाळ पुरुषभर उंच झाला होता आणि पुढे पळणं एवढंच उरलं होतं.

तो पळाला. आणि पळता पळता, जसं बाप करायचा, आजा करायचा, तसा ओठ आवळून शिट्टी मारू लागला. लांब, पुन्हा लांब. ये, वाऱ्या, ये. पलीकडून निकानोरची शिट्टी येत होती. आणि वारा आला. आधी एक भोवरा, राखेचा, माणसाएवढा. मग दुसरा, झाडाएवढा. शेताच्या मधोमध जाळ एकत्र आले आणि अंगावर भिंत कोसळावी तसा आवाज झाला. इतकं चांगलं जळण बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

मग मोठ्या भोवऱ्याने पेटलेल्या पाल्याचा एक झुबका उचलला, पट्ट्यावरून पलीकडे नेला आणि टेकडीच्या पायथ्याशी ठेवला. सहाव्या वाटीच्या दोन हात पुढे.

त्यांनी हिरव्या फांद्यांनी झोडपलं, पण पाला फार होता. आग टेकडीवर चढली. मोठी झाडं तिने सोडली. जमिनीवरचा पाला, वेली, झुडपं खात ती वर गेली आणि पलीकडे खडकापाशी विझली. तासाभरात सगळं संपलं. निकानोर पट्ट्यावर बसला, खोकला, हसला.

"त्यांचंही अंगण झाडून दिलं, दाजी. आता तरी खूश होतील."

लिबोरियो हसला नाही. तिसरी शिट्टी त्याने निकानोरला सांगितली नव्हती.

दोनला तो घरी पोचला. तेओफिलाने पाण्याचा डबा पुढे केला आणि त्याच्या मागे, दाराबाहेर बघितलं.

"बाई कुठायत?"

त्याने डबा तोंडाला लावला होता. तो तसाच राहिला.

"अरे, बाई कुठायत? मला वाटलं तुझ्याबरोबर येतायत. भाकऱ्या झाकून ठेवल्यात केव्हाच्या." मग तिने त्याच्या कपड्यांवरची राख बघितली. "आज जाळलंस? उद्या होतं ना?"

"ढग आले."

"आणि बाई?"

त्याने डबा खाली ठेवला. पाणी त्याला गिळता आलं नाही. थोडं ओठाच्या कडेने हनुवटीवर आलं. ते त्याने मनगटाने पुसलं. तेओफिलाने ते बघितलं आणि आत जाऊन विहिरीचा दोर आणला.

निकानोर वाटेतच भेटला. लिबोरियोने त्याला फक्त "बाई आल्या नाहीत" एवढं सांगितलं. निकानोर एकदाही गंमत न करता मागे फिरला. शेजाऱ्याची तीनचाकी सायकल त्यांनी ढकलत नेली. पुढे सामानाचा चौकोनी पाळणा, त्यात दोर, ओली पोती, पाण्याचे दोन डबे.

टेकडीवर राख अजून गरम होती. चपलांचे टायर मऊ होऊन खडकाला चिकटत होते. पोती टाकत, पोत्यांवरून पुढे जात ते चढले. धुरातून आलेलं ऊन तांबूस झालं होतं, आणि त्या उजेडात प्रत्येक काळा ओंडका माणसासारखा दिसत होता. लिबोरियो प्रत्येकाजवळ जाऊन बघत होता. तो ओंडका निघाला की त्याला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. अजून पुढचा असायचा.

"बाईऽऽ" निकानोरने हाक दिली. "दॉन्या लेओनोरऽऽ"

काही नाही. वटवाघळं दिवसाढवळ्या बाहेर पडली होती आणि धुरात वेडीवाकडी फिरत होती.

कोरीव दगडासमोर त्यांना स्टूल सापडलं. अॅल्युमिनियमचे पाय, वरचं कापड जळून गेलेलं. शेजारी कागद असावेत अशी काळी पापुद्र्यांची घडी. निकानोरने तिला बोट लावलं तशी ती मोडली. त्याने टोपी काढली.

"दाजी. गावात जाऊ. माणसं आणू."

"थांब."

"आणखी काय बघायचंय? आपल्याला ते दिसू नये. माणसं आणू, जाणत्याला आणू."

"ती शिट्टी," लिबोरियो म्हणाला.

"ती त्यांची होती."

"त्यांची असती तर वाटी ठेवल्यावर थांबली असती."

"थांबलीच की. दोनदा आली, वाटी ठेवली, थांबली."

"तिसऱ्यांदा आली. आग लावल्यावर. मी ऐकली."

निकानोर त्याच्याकडे वळला. "बोलला नाहीत."

"नाही."

वारा पडला होता. शेतातून कुठेतरी खोड फुटल्याचा आवाज आला. लिबोरियोला आठवलं, की आपण हाक देत होतो तेव्हा शिट्टी जमिनीखालून आल्यासारखी वाटली होती. मग पाल्याखालची रांजणांची तोंडं आठवली. आणि त्याला दिसलं, की सकाळपासून सगळं त्याच्या समोरच होतं. फक्त प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं, म्हणून त्याने एकही गोष्ट पाहिली नव्हती.

"हाक देऊन झाली," तो म्हणाला. "आता शिट्टी मारून बघतो."

"इथे? दाजी, वेड लागलंय? ते त्यांचं घर आहे. आज आपण ते जाळलंय. इथे उभं राहून त्यांना शिट्टी मारणार?" निकानोरने त्याचा दंड धरला. "वडिलांचं तोंड विसरलात? ताईने काय करायचं मग, आणखी एका माणसाचं सांडलेलं पाणी पुसायचं?"

लिबोरियोने दंड सोडवून घेतला. त्याचे ओठ राखेने कोरडे पडले होते. त्याने ते जिभेने ओले केले. पहिल्या वेळी नुसतीच हवा आली. हात गालावर होता, तो त्याने खाली घेतला. मग आवाज निघाला. लांब, बारीक, एका सुराचा.

काही नाही.

निकानोर मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होता. लिबोरियोने पुन्हा शिट्टी मारली. सूर्य एका ढगाआड गेला आणि टेकडी एकदम राखाडी झाली. तिसऱ्यांदा मारली, आणि श्वास धरून थांबला.

पायाखालून आली. इतकी बारीक की आधी त्याला वाटलं आपल्याच कानात वाजतंय.

"नका जाऊ," निकानोर म्हणाला, पण तो स्वतःच पुढे सरकला होता.

उजवीकडे, पडक्या भिंतीच्या मागे, पाल्याची राख एका जागी खोल बसली होती. मध्ये दोन वीत रुंदीचं काळं तोंड. कडेचा दगड नुकताच तुटलेला, आतून पांढरा. लिबोरियो पोतं टाकून पोटावर आडवा झाला. आतून धूर आणि ओल्या मातीचा वास आला. आत डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"कोण आहे?" त्याने विचारलं. "नाव सांगा."

उत्तर नाही. फक्त श्वास, किसणीवर काही घासावं तसा.

"बाई, तुम्ही असाल तर नाव सांगा."

श्वास. मग काहीतरी खडकावर टकटक वाजलं. तीनदा.

"नाव घेत नाही," निकानोर मागून कुजबुजला. "दाजी, नाव घेत नाही ते. वर या."

लिबोरियो त्या काळ्या तोंडाशी पडून राहिला. आयुष्यभर त्याच्याकडे एकच खूण होती, आणि खालचं जे काही होतं ते ती खूण द्यायला तयार नव्हतं. बापाने एक शब्द उच्चारला होता; इथे सगळं अंग आत घालायचं होतं. त्याला भीती वाटत होती. तो आता न उतरता परत गेला असता तर कुणी काही म्हटलं नसतं, अगदी निकानोरनेही नाही, तेओफिलानेही कदाचित नाही. हेच त्याला सहन झालं नाही.

"दोर त्या भेंडीच्या झाडाला बांध," तो म्हणाला.

"दाजी."

"बांध. आणि मी ओढ म्हटलं की ओढ. मी काही म्हटलं नाही तरी ओढ."

तोंड अरुंद होतं. खांदे खरचटले, मग एकदम सगळीकडे पोकळी आली आणि तो दोराला लोंबकळत गोल फिरू लागला. दोन पुरुष खोल असेल. पाय मातीला लागले. तो तसाच उभा राहिला, हात पुढे करून, डोळे मिटून. डोळे उघडून तरी काय दिसणार होतं.

एका हाताने त्याचा घोटा धरला.

हात लहान होता, गरम होता, आणि बोटांत पेन्सिल होती.

लेओनोर सामुदियो भिंतीला टेकून बसली होती. तोंडाला ओला रुमाल, डावा पाय नको तिथे वळलेला. तिने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला आणि नुसता खरखराट आला. लिबोरियो गुडघ्यांवर बसला. पाण्याचा तुंबा काढून त्याने तिच्या ओठांना लावला, आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला.

तिला वर काढायला बराच वेळ लागला. पोत्याची झोळी करून तीत बसवलं, लिबोरियोने खालून पेललं, निकानोरने वरून ओढलं. एकदाच, पाय दगडाला लागला तेव्हा, ती ओरडली, पण आवाज फुटला नाही. वर आल्यावर निकानोरने तिचा चेहरा बघितला, तिचे पाय बघितले, सावली बघितली, आणि मग जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडला. नंतर त्याने शर्टाने नाक पुसलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही आमचा जीव घेतला असता."

सायकलच्या पाळण्यात पोती अंथरून तिला बसवलं, पाय सरळ, तोंड लिबोरियोकडे. लिबोरियो पायडल मारत होता, निकानोर बाजूने चालत होता. गावापर्यंत उतार होता. आणखी दोनदा पाणी प्यायल्यावर तिचा आवाज थोडा परत आला, फाटलेला.

"नऊ वाजता पडले," ती म्हणाली. "दगडाचं चित्र काढायला मागे सरकले, आणि जमीन गेली. तासभर ओरडले. मग घसा बसला." थांबली. "तीस वर्षं मुलींना कवायत शिकवली. शिट्टी तेवढी येते. कुणीतरी हाक मारत होतं वर. मी शिट्टी मारली. ऐकू नाही आली कुणाला?"

"कुठून येणार, बाई," निकानोर चटकन म्हणाला. "आगीचा केवढा आवाज. आणि तुम्ही एवढ्या खोल. काहीच ऐकू आलं नाही. आलं असतं तर आलो नसतो का आम्ही?"

तिने मान डोलावली. डोळे मिटले. तिथे ते संपलं असतं.

लिबोरियोच्या पायांनी पायडल मारणं सोडलं. सायकल उतारावर आपोआप चालत राहिली.

"मी ऐकली," तो म्हणाला.

निकानोरने वाटेतल्या खड्याला पाय मारला.

"तीन ऐकल्या," लिबोरियो म्हणाला. "हाक मारणारा मीच होतो. पहिली हाकेनंतर आली, दुसरी लगेच. तिसरी आग लावल्यावर."

तिने डोळे उघडले. "मी चार मारल्या."

"चौथ्या वेळी मी स्वतः मारत होतो. वाऱ्याला बोलावायला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राख होती आणि राखेत घामाच्या वाटा होत्या, त्यामुळे त्यावर काय चाललंय ते वाचता येत नव्हतं. त्याने वाट पाहिली, की ती विचारेल, का नाही आलात. त्याने बापाचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. ढिगारा, "आलो," ताप, दहावा दिवस. तिने विचारलं नाही.

"थांबवा," ती म्हणाली.

त्याने थांबवली.

"मला उलटं बसवा. तोंड रस्त्याकडे."

निकानोरने लिबोरियोकडे बघितलं. लिबोरियो उतरला. दोघांनी तिला काखेत धरून उचललं, सांभाळून फिरवलं, मोडक्या पायाखाली पोत्याची घडी ठेवली. तिने दात आवळले होते. बसल्यावर तिने कुणाकडे न बघता पाण्याच्या डब्यासाठी हात मागे केला, आणि लिबोरियोने तो तिच्या हातात दिला.

थोडं अंतर गेल्यावर निकानोर त्याच्या कानाशी आला.

"कशाला सांगितलंत?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी सगळं निस्तरलं होतं. कुणाला काय कळणार होतं?"

"तिने विचारलं," लिबोरियो म्हणाला.

गावाच्या कडेला तेओफिला रस्त्यात उभी होती, हात कपाळावर आडवा धरून. बघितल्यावर ती धावत आली नाही. तिथेच खाली बसली. तिने निरोप धाडलेली तालुक्याच्या दवाखान्याची गाडी यायला अजून अवकाश होता. उतार संपला होता. लिबोरियोने पायडलवर जोर दिला आणि खडे चुकवत, समोरच्या त्या ताठ, राखेने भरलेल्या पाठीला हिसका बसू नये एवढंच बघत, सायकल चालवत राहिला.